काटेवाली

मंडळाच्या पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली होती. मी "भोपाळची" म्हटल्यावर एकाने विचारलं, "भोपाळला मराठी बोलतात?" आणि आडनाव सांगितल्यावर दुसरीने विचारलं, "म्हणजे तू गोव्याची का?" त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. आज जरा नीट उत्तर देते.

हो, बोलतात. आणि नाही, गोव्याची नाही. माझे आजी-आजोबा वसईचे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी भोपाळजवळ निजामाला कोंडीत पकडलं, जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह झाला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. म्हणजे माझी दोन्ही गावं इतिहासाच्या पुस्तकात जवळपास एकाच पानावर येतात. शाळेत मला याची फार गंमत वाटायची. आजीला अजिबात वाटली नाही. ती म्हणाली, "पान एक असेल बाय, पण मधे ट्रेनची एक अख्खी रात्र आहे."

हा लेख मात्र पेशव्यांवर नाही. तो आजीच्या चौतीस कुंड्यांवर आहे.

येत्या ३१ मार्चला पप्पा रिटायर होतायत. पिपलानीच्या टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागणार. मी जन्मल्यापासून त्याच घरात वाढले. पुढे एक छोटं अंगण, मागे परसात पेरूचं झाड, आणि फाटकातून आत आल्याबरोबर डाव्या हाताला तीन पायऱ्यांचा लोखंडी स्टँड. अवधपुरीत आम्ही घेतलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्या बाल्कनीत मम्मीने टेप लावून मोजलं, वॉशिंग मशीन ठेवल्यावर सहा कुंड्या मावतात. बाकीच्यांचं काय करायचं, हा प्रश्न सध्या आमच्या घरात फर्निचरपेक्षा मोठा आहे.

या कुंड्यांत एकच झाड आहे, वेगवेगळ्या रंगांचं. बोटभर जाडीचे राखाडी-तपकिरी दांडे, त्यांच्यावर सगळीकडून काटे, आणि टोकाला हिरव्या पानांचा झुपका आणि लाल फुलांचे घोस. तुम्ही ते नक्की पाहिलंय. बँकेच्या बाहेर, शाळेच्या गच्चीवर, चर्चच्या आवारात असतं. नर्सरीवाले त्याला "युफोर्बिया" म्हणतात, भोपाळचे नर्सरीवाले "कांटों का ताज"ही म्हणतात, आणि आमच्या पॅरिशमध्ये ते "येशूचा मुकुट". आजी मात्र त्याला नुसतं "काटेवाली" म्हणायची. "काटेवालीला आज पाणी नको." "काटेवाली सरकव जरा, ऊन तिकडे गेलं." हे तिने वापरलेलं नाव माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तिथेच सगळी चूक झाली.

आजोबा १९६० च्या सुमारास भोपाळला आले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना तेव्हा नुकता सुरू होत होता आणि देशभरातून माणसं तिथे येत होती. १९६५ मध्ये लग्न करून आजी आली. वसईच्या वाडीत, विहिरीजवळच्या कुंपणाला तिच्या आईने काटेवाली लावलेली होती. निघताना आजीने मोगऱ्याच्या दोन फांद्या, अळूचे चार गड्डे आणि काटेवालीचा वीतभर तुकडा, असं सगळं पेपरात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. मुंबईला एका नातेवाइकाकडे दोन दिवस, मग पंजाब मेलने भोपाळ. इथे आल्यावर क्वार्टरची चावी मिळायला आणखी चार दिवस लागले. ट्रंक उघडली तेव्हा मोगरा वाळून गेला होता, अळू सडला होता. काटेवाली तशीच होती, फक्त तोडलेल्या जागी पांढरी खपली धरली होती. आजीने ती एका तुपाच्या डब्यात लावली. आमच्या स्टँडच्या मागच्या रांगेतल्या सगळ्या उंच कुंड्या त्या एका तुकड्याच्या.

ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की ऐकणं बंद केलं.

भोपाळची माती काळी. कापसाची, सोयाबीनची माती. पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काटेवालीला ती मुळीच चालत नाही, कारण ती पाणी आपल्या दांड्यातच साठवते आणि मुळं ओली राहिली की बुडापासून कुजते. आजीचं मिश्रण ठरलेलं होतं. दोन घमेली नर्मदेची रेती, एक घमेलं काळी माती, एक घमेलं जुनं शेणखत आणि विटांचा चुरा. कुंडीच्या तळाला फुटक्या कौलाचा तुकडा, भोक बुजू नये म्हणून. पाणी द्यायच्या आधी ती माती बोटाने उकरून बघायची. वरचा एक पेर सुकला असेल तरच पाणी. मे महिन्यात भोपाळचा पारा चव्वेचाळीसवर जातो, तेव्हाही ती उन्हातच असायची. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानं गळायची आणि नुसते काटे उभे राहायचे. पाहुणे म्हणायचे, "मेलं वाटतं." आजी म्हणायची, "झोपलीय." पाऊस सुरू झाला की अख्खा स्टँड ओढून सज्जाखाली घ्यायचा. हे काम पप्पांचं आणि माझं.

कुंड्या मांडायचे तिचे नियम होते. मागे उंच आणि जुन्या, मधे मध्यम, पुढे थाई जातीच्या. या थाई जाती तिने नंतर नर्सरीतून आणल्या. त्यांची फुलं मोठी, गुलाबी, क्रीम, पिवळसर. थायलंडमध्ये त्यांना "पॉय सियान" म्हणतात, चिनी दंतकथांमधल्या आठ सिद्धांच्या नावावरून, आणि एका घोसात आठ फुलं आली तर ते घर भाग्याचं, असं मानतात. आजीला हे मी सांगितलं तेव्हा तिने लगेच मोजली. अकरा होती. "जास्तीचं भाग्य कुणाला द्यायचं?" म्हणाली. दर रविवारी मिस्साहून आल्यावर प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवायची, म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही. ज्या बाजूने मुलं सायकली नेतात तिकडे फांदी आली की कापायची. कापताना दांडा पेपराच्या घडीत धरायचा, कारण काट्यांपेक्षा चीक वाईट. पांढरा, दुधासारखा, कातडीची आग करणारा. तो हात चुकून डोळ्याला लागला तर बघायलाच नको.

भोपाळ खरं म्हणजे गुलाबांचं शहर. दर जानेवारीत सरकारी गुलाब उद्यानात मोठं प्रदर्शन भरतं. आजी न चुकता जायची, प्रत्येक गुलाबापाशी थांबायची, घरी येऊन पाय शेकत म्हणायची, "फार लाड करावे लागतात त्यांचे." एकदा आम्ही सैलान्यालाही गेलो होतो. रतलामजवळच्या या छोट्या संस्थानच्या राजघराण्याने जसवंत निवास राजवाड्यात निवडुंगांची मोठी बाग लावलीय. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझ्यापेक्षा दुप्पट उंच निवडुंग बघून मी फोटो मागत होते. आजी माळ्याला गाठून विचारत होती, "रेती कितनी डालते हो?"

आमच्या समोरच्या आंटींना मात्र हा स्टँड कधी आवडला नाही. त्यांच्या मते वास्तूत काटे नकोत. "माताजी, कांटेवाले पौधे दरवाजे पर नहीं रखते, घर में झगड़ा होता है." आजी त्यांना आपल्या वसईच्या हिंदीत म्हणाली, "झगड़ा तो आपके गुलाब से होता है, रोज कोई तोड़के ले जाता है. मेरेवाले को कोई हात नहीं लगाता." यावर दोघी हसल्या होत्या. पण आंटी फाटकातून आत येताना डाव्या हाताला न बघता यायच्या.

आता वेदीवरच्या कुंडीबद्दल.

आमच्या हॉलमध्ये एक छोटी वेदी आहे. लाकडी क्रूस, पवित्र मरियेची मूर्ती, आजोबांचा फोटो, एक दिवा. एरवी तिथे फुलं असतात. राखेच्या बुधवारपासून पुढे, म्हणजे प्रायश्चित्तकाळात, चर्चमध्ये वेदी फुलांनी सजवत नाहीत, आणि आजी घरीही तोच नियम पाळायची. मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी ती काटेवालीची एक कुंडी, चांगली फुललेली बघून, पुसून, क्रुसाखाली आणून ठेवायची. शनिवारी सकाळी परत उन्हात. का, हे मी कधी विचारलं नाही. येशूचा मुकुट क्रुसाखाली ठेवतात, यात विचारायचं काय?

२०१९ च्या पवित्र आठवड्यातला सोमवार, १५ एप्रिल, मला लख्ख आठवतो. रात्री टीव्हीवर पॅरिसचं नोत्र दाम जळताना दाखवत होते. आजी माळ हातात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी बातमी आली की तिथला काटेरी मुकुटाचा अवशेष वाचवला. फ्रान्सचा राजा नववा लुई याने तो १२३९ मध्ये मिळवला होता. मी फोनवर फोटो काढून तिला दाखवला. काचेच्या आत सोनेरी धाग्यांनी बांधलेलं वाळक्या लव्हाळ्याचं एक कडं. आजीने चष्मा वर-खाली केला.

"काटे कुठेयत?"

मी वाचून सांगितलं, "काटे वेगळे काढून शतकानुशतकं वाटले. राजांना, चर्चेसना."

"काटे वाटले?" ती म्हणाली. "आणि लोकांनी घेतले?" मग बराच वेळ तिला त्याचंच हसू येत होतं.

पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, मी फर्स्ट इयरला होते. साहित्याच्या वर्गात मिथक आणि प्रतीक शिकून डोक्यात वारं भरलेलं. होळीच्या सुट्टीत घरी गेले. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार २४ मार्चला आणि होळी दुसऱ्या दिवशी, त्यामुळे अंगणात एकीकडे झावळ्यांचे क्रूस आणि दुसरीकडे रंगाच्या पिचकाऱ्या. संध्याकाळी पॅरिशमधली चार-पाच मराठी घरं आमच्याकडे रोजरीला जमली. आमच्याकडे चर्चमध्ये मिस्सा हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत प्रार्थना म्हणायची तर ती घरीच. त्यांच्यासाठी आजीने शुक्रवारची कुंडी आत तशीच ठेवली होती. एका काकूंनी आपल्या नातवाला कुंडीजवळ नेलं आणि म्हणाल्या, "बघ, येशूच्या डोक्यावर हेच काटे घातले होते."

मी म्हणाले, "हे नव्हतेच मुळी."

आणि मग थांबलेच नाही. हे झाड मादागास्कर बेटावरचं. फ्रेंच बेटावरचा मिलियुस नावाचा एक गव्हर्नर होता, त्याने १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेलं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव युफोर्बिया मिली. येशूच्या काळात जेरुसलेमला ते असण्याचं कारणच नाही. मुकुटाबद्दल मत्तय, मार्क आणि योहान यांनी लिहिलंय, लूकने नाही, आणि झाडाचं नाव तिघांपैकी एकानेही दिलेलं नाही. "येशूचा मुकुट" हे नाव लोकांनी नंतर चिकटवलं. मी "चिकटवलं" हाच शब्द वापरला. तो मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा कुंडीकडे बघत होता. काकूंनी त्याचा हात धरून त्याला मागे घेतलं.

आजीने विचारलं, "मग खरा कसला होता?"

"नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण बोरीच्या जातीचा असेल, असं बरेच जण मानतात. तिकडे जी बोर होते तिचं नावच झिझिफस स्पिना-क्रिस्टी आहे. ख्रिस्ताचा काटा. आपल्या बोरीची चुलत बहीण."

"बोर होय," आजी म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मंगळवारी मी परत मुंबईला निघाले, परीक्षा होती. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मम्मीने वेदीचा फोटो टाकला. क्रुसाखाली काटेवाली नव्हती. स्टीलच्या पेल्यात बोरीची एक डहाळी होती. टाउनशिपच्या मागच्या मैदानात, भिंतीलगत बोरीची झुडपं आहेत, मम्मीने खाली लिहिलं होतं, "आजीने पप्पांना सांगून मागवली."

मला तो टोमणा वाटला. मग वाटलं, तिला लागलंय. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि फोन उलटा ठेवला.

मे महिन्यात इंटर्नशिप होती, घरी जेमतेम सहा दिवस मिळाले. डहाळी अजून वेदीवर होती. पानं कधीच गळून गेली होती, काटे तेवढे राहिले होते. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. मी ते बघितले, आजीने मला बघताना बघितलं, आणि आम्ही दोघींनी आंब्यांबद्दल बोललो. सहा दिवस होते. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

ऑगस्टमध्ये आजीला अर्धांगवायूचा झटका आला. घर आणि हॉस्पिटल यात मम्मी-पप्पा असे अडकले की स्टँड सज्जाखाली घ्यायचा राहिला. त्या वर्षीचा सगळा पाऊस कुंड्यांनी उघड्यावर खाल्ला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी गेली. तिला शेवटी बोलता येत नव्हतं. मी पोचले तेव्हा हात धरून बसण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

१३ डिसेंबरला बातमी वाचली की तो मुकुट नोत्र दाममध्ये परत आणला. बोट सवयीने फॉरवर्डवर गेलं. पाठवायचं कोणाला?

ख्रिसमसला घरी गेले तेव्हा मागच्या रांगेतल्या सात कुंड्या बुडाला मऊ लागत होत्या. दाबलं की आतून पाणी यायचं. वर मात्र दांडे अजून टणक होते. मला एकदम वाटलं, हे तरी मी वाचवणार. दुपारभर बसून अकरा तुकडे कापले. अकराही लगेच कुंड्यांत खोचले, भरपूर पाणी घातलं, आणि रोज सकाळी बघून रोज थोडं थोडं पाणी घालत राहिले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मम्मीचा फोन आला. अकराही काळे पडून आडवे झाले होते.

"कधी तोडलेस आणि कधी लावलेस?" तिने विचारलं.

"तेव्हाच. तोडले आणि लावले."

"अगं, तोडलं की लगेच लावायचं नाही ना. आजी पेपरात गुंडाळून ठेवायची आठवडाभर. चीक सुकून खपली धरायला लागते. ओली जखम मातीत घातली की सडतेच. आणि लावल्यावर पाणी तर नकोच. वर डिसेंबरची थंडी."

पेपर. ट्रंक. मुंबईचे दोन दिवस, पंजाब मेल, चावीचे चार दिवस. काटेवाली का जगली, ते त्या गोष्टीतच होतं. शंभरदा ऐकूनही मला ती फक्त आजीच्या लग्नाची गोष्ट वाटत होती.

२०२५ मध्ये होळी १४ मार्चला, शुक्रवारी आली. घरी गेले तेव्हा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता. वेदी रिकामी होती. मी मम्मीला म्हटलं, "कुंडी आत नाही घेतलीस?"

"तूच म्हणालीस ना तो मुकुट नाही."

"पण आजी तर ठेवायची. इतकी वर्षं."

मम्मी म्हणाली, "आजी ते मुकुट म्हणून ठेवत नव्हती. मुकुट बाकीचे म्हणायचे. या दिवसांत वेदीवर फुलं चालत नाहीत आणि क्रूस अगदी उघडा बघवत नाही, म्हणून ती ठेवायची. मी एकदा म्हटलं, आई, ही पण फुलंच की. तर म्हणाली, फुलं नव्हेत ती, पानं आहेत. नीट बघ."

मी अंगणात गेले आणि दोन वर्षांचा हुशारपणा बाजूला ठेवून पहिल्यांदा नीट बघितलं. ज्या दोन लाल पाकळ्या आपण फूल म्हणून बघतो, त्यांच्या मधोमध मुगापेक्षा लहान, पिवळसर काहीतरी असतं. फूल ते. त्याभोवतीच्या लाल पाकळ्या म्हणजे रंग बदललेली पानं, सहपत्रं. बोगनवेलीला असतात तशी. म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकतात, झडत नाहीत, जुनी झाली की हळूहळू हिरवट होतात. आणि हो, ख्रिसमसला आपण जे पॉइनसेटिया आणतो, त्याचीही लाल "फुलं" पानंच, कारण तोही युफोर्बियाच. म्हणजे आमच्या घरात ख्रिसमसचं झाड आणि गुड फ्रायडेचं झाड ही सख्खी भावंडं होती. काटेही मी त्या दिवशी बघितले. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो, अंगठ्याने रेटला तर सालीसकट निघतो. काटेवालीचा काटा पानाच्या बुडाशी जोडीने येतो. तो उपपर्णाचा बनलेला. बोरीचा काटाही तसाच, उपपर्णाचा. मी ज्यांना खरा आणि खोटा म्हणून वेगळं केलं होतं, त्यांचे काटे एकाच रीतीने उगवतात.

हे सगळं मी नंतर वाचून पडताळलं. आजीने वाचलं नव्हतं. तिने साठ वर्षं दर रविवारी पाव वळसा फिरवताना बघितलं होतं. मी सांगितलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, तेव्हाही. पण ती ज्या गोष्टीबद्दल बोलत होती, त्याबद्दल मी एकही वाक्य बोलले नव्हते.

"आणि बोरीची डहाळी?" मी मम्मीला विचारलं. "रागावून ठेवली होती ना?"

मम्मी माझ्याकडे बघतच राहिली. "रागावून? ती पप्पांना म्हणाली, पोरगी एवढी शिकून आलीय, ती खोटं का सांगेल? बोर तर बोर. आण जा."

मी वर्षभर जो राग वागवत होते, तो तिचा नव्हताच. तिने माझं ऐकलं होतं. आपली साठ वर्षांची सवय बाजूला ठेवून, एकोणीस वर्षांच्या नातीचा शब्द मानून तिने क्रुसाखाली बोर ठेवली होती, आणि मी फोन उलटा ठेवला होता.

त्या सुट्टीत मी उरलेल्या झाडांचे बारा तुकडे कापले. चीक थांबावा म्हणून टोकं पाण्यात बुडवली, पुसली, पेपरात गुंडाळली आणि मम्मीकडे दिली. तिने आठव्या दिवशी लावले, रेती जास्त घालून. नऊ जगले. आता सगळ्या मिळून पुन्हा चौतीस झाल्यात, मुद्दाम मोजून नाही, आपोआपच.

यंदाचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता. क्वार्टरमधला हा आमचा शेवटचा प्रायश्चित्तकाळ. दर शुक्रवारी मम्मी क्रुसाखाली काटेवाली ठेवते आणि शेजारी पेल्यात बोर. कोणी विचारलं तर दोन्हींची नावं सांगते, आणि काकूंच्या नातवाने विचारलं तेव्हा पिवळा ठिपका दाखवून खरं फूलही दाखवलं म्हणे.

कुंड्या जातायत. सहा अवधपुरीला. पाच पॅरिश हॉलच्या पायऱ्यांवर. चार पप्पांच्या ऑफिसमधल्या मित्रांनी नेल्या. मी प्रत्येक कुंडीला हिंदीत एक चिठ्ठी चिकटवलीय: पाणी कमी, ऊन पूर्ण, पावसात आत घ्या, कापल्यावर लगेच लावू नका, चीक डोळ्यांपासून लांब. गेल्या आठवड्यात समोरच्या आंटी आल्या, डाव्या हाताला बघत आल्या, आणि म्हणाल्या, "माताजीवाला एक दे दे बेटा. पुरानावाला." वास्तूचं काय, असं मी विचारलं नाही. त्यांनी मागच्या रांगेतली सगळ्यात उंच कुंडी उचलली, काट्यांपासून साडी सावरत रस्ता ओलांडला, आणि आपल्या गुलाबांच्या मधे नेऊन ठेवली. मला आजीचं हसू आठवलं. काटे वाटले, आणि लोकांनी घेतले.

मी परत येताना पंजाब मेलने आले. बॅगेत पेपरात गुंडाळलेले चार तुकडे होते. हॉस्टेलच्या माझ्या खिडकीत सकाळी तीन तास ऊन येतं, दोन कुंड्या तिथे पुरतील. उरलेले दोन तुकडे मंडळातल्या कोणाला हवे असतील तर सांगा, रेतीसकट देईन. मात्र आत्ता मागू नका. आज चौथा दिवस आहे, खपली अजून ओली आहे. रविवारी मिस्साहून आल्यावर लावणार आहे.